मुलांना फ्लूची लस : इष्ट की आवश्यक?

उन्हाळ्याची सुटी सरत आली, की नोकरदार कुटुंबांच्या जमाखर्चात वह्या-पुस्तके, गणवेश, बूट, शाळेच्या रिक्षाचे भाडे असे ठरावीक खर्च ओळीने येऊन उभे राहतात. अलीकडच्या वर्षांत या ओळीत आणखी एका खर्चाची भर पडली आहे आणि तो मात्र ठरावीक नाही. बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात टांगलेल्या लसीकरणाच्या तक्त्यात आता इन्फ्ल्युएन्झाच्या, म्हणजे ज्याला आपण सुटसुटीतपणे फ्लू म्हणतो त्या आजाराच्या लसीचाही रकाना असतो. सरकारी दवाखान्यातून मिळणाऱ्या पत्रिकेत तो नसतो. पालक दोन्ही कागद समोर धरून विचारतात, ही लस द्यायलाच हवी का? बहुतेक वेळा उत्तर मिळते, ‘दिलेली बरी.’

‘दिलेली बरी’ हे दोन शब्द पालकाला मोठ्या पेचात टाकणारे आहेत. गोवराच्या अथवा पोलिओच्या लसीविषयी कोणी ‘दिलेली बरी’ म्हणत नाही; ती द्यायचीच असते. येथे मात्र निर्णय पालकाच्या पदरात टाकलेला आहे आणि त्यासोबत खर्चही. नऊ वर्षांखालील मूल ही लस प्रथमच घेत असेल, तर चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. खासगी दवाखान्यात एका मात्रेला दीड ते दोन हजार रुपये पडतात. घरात दोन मुले असली, तर पहिल्याच वर्षी सहा ते आठ हजार रुपये झाले; पुढे दर वर्षी मुलामागे एक मात्रा आहेच. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाला किंवा पेढीवरील कारकुनाला ही रक्कम म्हणजे अर्ध्या महिन्याचा संसार आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ वैद्यकाचा आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येणार नाही.

शास्त्रज्ञांचे आणि शासनाचे म्हणणेही एका सुरात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली सहा महिने ते पाच वर्षे वयाची मुले ही लसीकरणाच्या दृष्टीने अग्रक्रमाच्या गटांत गणली. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटना याच वयाच्या सर्व मुलांना दर वर्षी लस द्यावी, असे सुचविते. त्यापुढील वयात दमा, हृदयविकार, मधुमेह यांसारखे दीर्घकालीन आजार असलेल्या मुलांसाठी आग्रह धरते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत लहान मुलांच्या बाबतीत ही लस ‘इष्ट’ मानलेली आहे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात तिला स्थान नाही. ‘इष्ट’ आणि ‘आवश्यक’ या दोन शब्दांमधील जे अंतर आहे, ते सरकारने ओलांडायचे की पालकाने, हा या लेखाचा विषय होय.

फ्लूकडे आपण ‘साधा ताप’ म्हणून पाहतो आणि नव्वद टक्के वेळा तसे पाहणे चुकीचेही नसते. चार दिवस अंग मोडून येते, ताप चढतो, खोकला रेंगाळतो आणि मूल पुन्हा शाळेत जाऊ लागते. परंतु या साध्या तापाची दुसरी बाजू महाराष्ट्राने जितकी जवळून पाहिली आहे, तितकी फार थोड्या प्रदेशांनी पाहिली असेल. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या गोदीवर उतरलेली ही साथ पावसाळ्यात काहीशी ओसरली आणि सप्टेंबरमध्ये उग्र रूप धारण करून परतली. त्या वर्षीच्या ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ माणसे दगावल्याची नोंद आहे. आगगाडीच्या रुळांवरून ती इलाखाभर पसरली, त्यातच पाऊस दडी मारून बसला, अन्नधान्य महागले आणि मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. देशातील बळींची संख्या सव्वा ते दोन कोटींच्या घरात जाते. जुन्या माणसांच्या बोलण्यात या साथीचे नाव ‘मानमोडी’ असे आहे. पहिल्या महायुद्धाच्या सनावळ्या पाठ करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्या महायुद्धापेक्षा कितीतरी अधिक भारतीयांचा घास घेणाऱ्या या साथीचे नावही ठाऊक नसावे, याचे वैषम्य वाटते. पण तो वेगळा विषय आहे.

त्या काळी या रोगाचे कारणच ज्ञात नव्हते. एका जिवाणूवर त्याचा आळ होता. फ्लूचा विषाणू माणसापासून वेगळा करण्यात १९३३ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना यश आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकन सैनिकांसाठी पहिली लस तयार झाली. म्हणजे लस ऐंशी वर्षांची जुनी आहे. आपल्या मुलांच्या वाट्याला ती गेल्या दीड दशकात आली, इतकेच.

आली तीही एका धक्क्याने. ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी स्वाइन फ्लूने दगावली; देशातील तो पहिला बळी. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे ज्यांना आठवत असतील, त्यांना बंद पडलेल्या शाळा, तोंडाला बांधलेले रुमाल आणि गळ्यात अडकवलेल्या कापराच्या पुड्या यांचे चित्र पुन्हा उभे करून सांगण्याची गरज नाही. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, देशी बनावटीच्या लसी बाजारात आल्या. त्यांतील एक, नाकात फवारावयाची, सोलापूरहून अडीचशे किलोमीटरवरील पुण्यात तयार झालेली होती. त्या वेळची घबराट ओसरली, परंतु विषाणू गेला नाही. एच१एन१ नावाचा तो विषाणू आता दर वर्षीच्या नेहमीच्या फ्लूचाच एक घटक होऊन बसला आहे. २०१५ मध्ये देशात त्याचे सुमारे ४२ हजार रुग्ण नोंदले गेले आणि जवळजवळ तीन हजार दगावले. २०१७ मध्ये एकट्या महाराष्ट्रात पावणेआठशे मृत्यूंची नोंद झाली. हे आकडे तपासणी झालेल्यांचे आहेत. ज्यांच्या घशातील स्राव प्रयोगशाळेपर्यंत पोहोचलाच नाही, त्यांचा हिशेब कोणत्याही वहीत नाही.

आता लसीकडे वळू. तिच्याविषयी स्वच्छपणे सांगावयाचे, तर ती अर्धवट लस आहे. गोवराच्या लसीच्या दोन मात्रा शंभरातील सत्त्याण्णव मुलांना जवळजवळ जन्मभराचे संरक्षण देतात. फ्लूची लस विषाणूशी चांगली जुळली, तरी डॉक्टरकडे जावे लागण्याइतक्या आजाराची शक्यता चाळीस ते साठ टक्क्यांनी कमी करते आणि तेही संरक्षण काही महिन्यांतच विरू लागते. याचे कारण लसीच्या निकृष्टतेत नाही, विषाणूच्या स्वभावात आहे. हा विषाणू आपले बाह्य रूप सतत थोडे-थोडे बदलतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, येत्या मोसमात कोणते प्रकार पसरतील याचा अंदाज बांधतात आणि त्यानुसार नवी लस बनते. हवामान खात्याच्या अंदाजाप्रमाणे हाही कधी अचूक उतरतो, कधी हुकतो. हरियाणातील बल्लभगड परिसरातील खेड्यांत २००९ पासून तीन वर्षे एक काटेकोर प्रयोग झाला. काही कुटुंबांतील मुलांना फ्लूची लस आणि काहींतील मुलांना तुलनेसाठी पोलिओची लस टोचून वर्षभर प्रत्येक घरातील तापावर नजर ठेवण्यात आली. लसीचे संरक्षण तिन्ही वर्षे सारखे राहिले नाही, हेच त्यातून ठळकपणे दिसले.

मग अर्धवट लस घ्यावीच कशाला? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर आहे. छत्री अर्धी फाटकी असली, तरी आपण ती मुसळधार पावसात घेतो, रिमझिमीत घरी ठेवतो. प्रत्येकाच्या वाट्याचा पाऊस सारखा नसतो. दोन वर्षांखालील मुलाच्या श्वासनलिका अरुंद असतात, विषाणूशी त्याची पहिलीच गाठ असते आणि तापाचा न्यूमोनिया होण्यास दोन दिवस पुरतात. फ्लूशी निगडित फुप्फुसविकाराने जगात दगावणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांपैकी जवळजवळ सर्व, शंभरातील नव्याण्णव, विकसनशील देशांतील असतात. दमेकरी मुलाला फ्लू झाला, तर ताप उतरल्यावरही आठवडाभर त्याची धाप लागलेली असते. अशा मुलांच्या बाबतीत ही लस आजार टाळण्यापेक्षाही आजाराचे गंभीर रूप टाळण्यासाठी द्यावयाची आहे आणि ते काम ती अधिक चांगले करते.

सुदृढ मुलाचे काय? येथे मत देणे कठीण आहे. दहा-बारा वर्षांचे, खाऊनपिऊन धष्टपुष्ट मूल फ्लूने गंभीर आजारी पडण्याची शक्यता अल्प आहे. ती शून्य मात्र नाही. अमेरिकेत मुलांच्या अशा प्रत्येक मृत्यूची नोंद ठेवली जाते. २०२४-२५ च्या मोसमात तेथे २८० मुले दगावली. त्यांतील निम्म्याच्या आसपास मुलांना पूर्वीचा कोणताही आजार नव्हता आणि ज्यांच्या लसीची माहिती मिळाली, त्यांतील बहुसंख्य मुलांनी त्या वर्षी लस घेतलेली नव्हती. तेहतीस-चौतीस कोटींच्या देशात २८० ही संख्या लहान की मोठी, हे गणिताने ठरत नाही.

लसीविषयीच्या शंकांचा विचार केल्यावाचून हा विषय पुढे नेणे योग्य होणार नाही. त्यांतील काही शंका निराधार आहेत. ‘लस दिली आणि आठच दिवसांत मुलाला ताप आला’ अशी तक्रार हमखास ऐकू येते. आपल्याकडे टोचली जाणारी नेहमीची लस मृत विषाणूच्या तुकड्यांची असते; तिच्यामुळे फ्लू होऊच शकत नाही. हात दुखणे, एखाद्या दिवसाची कणकण एवढेच तिचे देणे. शरीरात प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्या अवधीत मूल आजारी पडू शकते; शिवाय सर्दीताप आणणारे इतर डझनभर विषाणू हवेत असतात, त्यांच्याशी या लसीचा काही संबंध नाही. बहुतेक लसी कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून केल्या जातात, हे कळल्यावर आपल्या गावातील अनेक लिंगायत आणि जैन कुटुंबे बिचकतात. हा श्रद्धेचा प्रश्न असल्याने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही; ज्याने-त्याने तो आपल्या घरात सोडवावा. अंड्याची अॅलर्जी असलेल्या मुलांना लस वर्ज्य आहे, ही जुनी समजूत मात्र आता मागे पडली आहे.

काही शंका निराधार नाहीत. १९७६ साली अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या भीतीने साडेचार कोटी लोकांना घाईघाईने लस टोचण्यात आली. अपेक्षित साथ आलीच नाही. उलट लस घेतलेल्यांत, लाखात सुमारे एक या प्रमाणात, गियाँ-बारे नावाचा मज्जातंतूंचा विकार अधिक आढळला आणि डिसेंबरमध्ये ती मोहीम थांबवावी लागली. हा तोच जीबीएस. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात त्याचा उद्रेक झाला आणि पहिला संशयित मृत्यू सोलापुरात झाला, तेव्हापासून ही तीन अक्षरे येथील घराघरांत माहीत झाली आहेत. पुण्यातील त्या उद्रेकाचे धागे दूषित पाण्यातील जिवाणूपर्यंत पोहोचले. लसीशी त्याचा संबंध नव्हता. आजच्या फ्लूच्या लसीमुळे या विकाराचा धोका वाढतच असेल, तर तो दहा लाखांत एखाद्या-दुसऱ्या व्यक्तीइतका आहे आणि प्रत्यक्ष फ्लू होऊन तो विकार जडण्याचा धोका त्याहून अधिक आहे. २००९-१० मध्ये युरोपात वापरलेल्या एका विशिष्ट लसीनंतर फिनलंड आणि स्वीडनमधील काही मुलांना अनावर झोपेचा विकार जडला, हेही सत्य आहे. ती लस आज वापरात नाही.

ही उदाहरणे दडवून ठेवावीत, म्हणजे लोक घाबरणार नाहीत, असे मानणारा एक वर्ग आहे. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत प्रथम स्वतःला टोचून घेतली. पाचच वर्षांनी पंजाबातील मुलकोवाल या गावी त्या लसीच्या एका दूषित कुपीमुळे एकोणीस माणसे धनुर्वाताने दगावली. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले. चूक त्यांच्या प्रयोगशाळेची नव्हती, हे सिद्ध होऊन ते दोषमुक्त होण्यास १९०७ साल उजाडले. मधल्या काळात प्लेगने लक्षावधी माणसे नेली. एका कुपीने गेलेल्या एकोणीस जिवांचा हिशेब उघडपणे आणि वेळेवर दिला गेला असता, तर लसीवरील अविश्वासाला इतकी वर्षे खतपाणी मिळाले नसते. आज परळला त्यांच्या नावाची संस्था उभी आहे, ही आपल्या उपरतीची खूण म्हणायची.

येथवर आपण मुलाचा, आणि फक्त त्याच्याच लाभहानीचा, विचार केला. पालकही तेवढाच करतात. परंतु घरात फ्लू आणणारे मूल आणि त्याची किंमत मोजणारे माणूस ही बहुधा एक नसतात. मुले विषाणू अधिक दिवस आणि अधिक प्रमाणात बाहेर टाकतात. वर्गात एकमेकांना खेटून बसतात, संध्याकाळी आजीच्या मांडीवर येऊन झोपतात. जपानमध्ये १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात असे. १९८७ मध्ये पालकांना नकाराची मुभा मिळाली आणि १९९४ मध्ये कार्यक्रम बंद झाला. मुलांनाच लस देऊन काय साधले, असा तेथेही प्रश्न विचारला जात होता. २००१ साली जपानी आणि अमेरिकी संशोधकांनी त्या देशातील दशकादशकांचे मृत्यूचे आकडे तपासले, तेव्हा असे आढळले, की शाळांतील लसीकरण चालू असताना हिवाळ्यातील जादा मृत्यू घटले होते आणि ते थांबताच पुन्हा वाढले. त्यांच्या हिशेबाप्रमाणे दर ४२० मुलांच्या लसीकरणामागे एक मृत्यू टळत होता आणि हे टळलेले मृत्यू मुख्यत्वे वृद्धांचे होते. हा निष्कर्ष आकड्यांच्या तुलनेवर उभा आहे, प्रत्यक्ष प्रयोगावर नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण कॅनडातील हटराइट पंथीयांच्या शेतकरी वसाहतींत प्रत्यक्ष प्रयोगही झाला. तेथे केवळ मुलांना लस दिली असता लस न घेतलेल्या इतरांतील फ्लूचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास घटल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले.

हटराइट लोक एकत्र राहतात, एकत्र जेवतात. सोलापूरच्या वाड्यांत आणि चाळींत राहणाऱ्यांना ही राहणी परकी वाटू नये. दोन खोल्यांत तीन पिढ्या, त्यांत एखादे मधुमेही आजोबा, एखादी दमेकरी आत्या, आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेली मुलगी हे येथील कित्येक घरांचे चित्र आहे. सहा महिन्यांखालील तान्ह्या मुलाला ही लस देताच येत नाही. त्याचे रक्षण होते ते आईने गरोदरपणात घेतलेल्या लसीने आणि घरातील मोठ्या भावंडाने आजार न आणल्याने. म्हणून ‘माझे मूल धडधाकट आहे, त्याला कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर मुलाकडे पाहून नव्हे, घराकडे पाहून द्यावे लागते.

माझे मत विचाराल, तर ते असे : मूल पाच वर्षांखालील असेल, त्याला दमा अथवा अन्य जुनाट आजार असेल, किंवा घरात तान्हे बाळ, गरोदर स्त्री अगर आजारी वृद्ध असेल, तर खर्चाला कात्री अन्यत्र लावून लस द्यावी. गरोदर स्त्रीने आणि वृद्धाने स्वतःही ती घ्यावी, हे ओघाने आलेच. यांपैकी काहीच नसेल आणि पैशाची ओढाताण असेल, तर आठवी-नववीतल्या सुदृढ मुलाला लस दिली नाही म्हणून आईबापांनी अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही. त्याऐवजी सरकारी पत्रिकेतील प्रत्येक रकाना भरलेला आहे ना, हे आधी पाहावे. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी आणि मालेगाव येथे गोवराने मुले दगावली. गोवराची लस तर मोफत मिळते! महागड्या लसीची चर्चा करताना फुकट लस राहून जाणे, हा दुर्दैवाने आपल्याकडील नित्याचा प्रकार आहे. फ्लूच्या लसीविषयीची साशंकता पालकांनी त्या लसींवर तर मुळीच नेऊ नये. त्यांच्या बाबतीत तोलायला तराजूच लागत नाही.

लस द्यायचीच, तर कधी द्यावी याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पाश्चात्त्य देशांत ती थंडीच्या तोंडावर देतात आणि आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी त्याची नक्कल होते. परंतु पुण्याची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था आणि तिच्या सहयोगी प्रयोगशाळा यांच्या अनेक वर्षांच्या पाहणीत काश्मीर वगळता देशाच्या बहुतेक भागांत फ्लूचा जोर पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबरमध्ये, आढळला आहे; जानेवारी ते मार्च या काळात काही वर्षी त्याची दुसरी लाट येते. आपल्या जिल्ह्यात जूनच्या मध्यावर शाळा भरतात, त्याच सुमारास पालख्या पंढरपूरची वाट चालू लागतात आणि आषाढीला लाखो माणसे चंद्रभागेच्या वाळवंटात एकत्र येऊन घरोघर परततात. विषाणूला याहून सोयीचे वेळापत्रक कोणी आखून दिले नसते. म्हणून लस एप्रिल-मेमध्ये, मूल सुटीवर असतानाच देणे श्रेयस्कर. कुपीवर कोणत्या वर्षाच्या मोसमाची लस आहे, हे लिहिलेले असते. ते विचारून घेण्यात संकोच मानू नये. गेल्या मोसमाची उरलेली लस गळ्यात पडू नये, इतपत चौकसपणा भाजी घेतानाही आपण दाखवतोच.

एवढे सगळे झाले ते ज्यांना निर्णय घेण्याची ऐपत आहे त्यांच्यासाठी. सोलापुरात हा निर्णय ज्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही, त्यांची संख्या मोठी आहे. पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराचे मूल मागाच्या खडखडाटात आणि कापसाच्या तंतूंत वाढते. विडी वळणारी बाई सूप मांडीवर घेऊन बसते आणि तंबाखूची धूळ त्याच खोलीत रांगणाऱ्या बाळाच्या नाकातोंडात जाते. कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत हजारो विडी कामगार स्त्रियांना स्वतःचे घर मिळाले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण घर बदलले तरी धंदा तोच राहिला आणि धूळही तीच. या मुलांची फुप्फुसे आधीच बेजार असतात. लसीचा सर्वाधिक लाभ ज्यांना होईल, त्यांच्या आईची एका मात्रेच्या किमतीएवढी कमाई व्हायला हजारो विड्या वळाव्या लागतात. डफरीन चौकातील खासगी दवाखान्याच्या पायऱ्या ती मुलाला ताप चढल्यावरच चढते, आणि पुढचा मुक्काम सिव्हिल हॉस्पिटलच्या बालरुग्ण विभागात.

सर्व मुलांना फ्लूची लस मोफत द्या, अशी मागणी करणे सोपे आहे, टाळ्याही मिळतील. ती मागणी आज करू नये, असे मला वाटते. दर वर्षी नव्याने द्यावी लागणाऱ्या अर्धवट लसीवर देशभर एवढा पैसा ओतण्यापेक्षा तो न्यूमोनिया आणि कुपोषण रोखण्यावर खर्च करावा, हा आरोग्य खात्याचा युक्तिवाद गैर नाही. परंतु ‘सर्वांना नाही’ याचा अर्थ ‘कोणालाच नाही’ असा होत नाही. महाराष्ट्र शासनाने स्वाइन फ्लूच्या साथींनंतर गरोदर स्त्रिया आणि मधुमेह-रक्तदाबाचे रुग्ण यांना ही लस मोफत देऊन तो पायंडा पाडलेला आहे. त्या योजनेचा रोख मोठ्या माणसांवर होता. त्यात दमा, जन्मजात हृदयविकार आणि तीव्र कुपोषण असलेल्या पाच वर्षांखालील मुलांची भर घालणे, हे कोषागार रिकामे करणारे काम नव्हे. ही मुले शोधण्यासाठी नवे सर्वेक्षणही नको. अंगणवाडी सेविकांच्या नोंदवहीत त्यांची वजने आहेत आणि सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात त्यांचे केसपेपर आहेत. शिवाय सरकार घाऊक खरेदी करील, तेव्हा मात्रेची किंमत दवाखान्यातील किमतीच्या कितीतरी खाली येईल. देशात लस तयार होत असताना ती दीड-दोन हजारांना का विकली जाते, या प्रश्नाचे उत्तरही त्या निमित्ताने मिळेल.

सोलापूर महानगरपालिकेने शहरात आणि जिल्हा परिषदेने कुंभारीसारख्या वसाहतींत हा प्रयोग एका वर्षापुरता करून पाहण्यास हरकत नसावी. लस दिलेल्या मुलांपैकी किती पावसाळ्यात रुग्णालयात दाखल झाली, याची नोंद वैद्यकीय महाविद्यालयाने ठेवावी. निकाल निराशाजनक आला, तर तोही छापावा. दोन्ही संस्थांची अंदाजपत्रके मार्चमध्ये मंजूर होतात. तेव्हा तरतूद झाली, एप्रिलमध्ये खरेदी झाली, तर मेच्या अखेरीपर्यंत दोन्ही मात्रा देऊन होतात. तरतूद जुलैत, साथ आल्यावर झाली, तर लस शीतपेटीत राहील आणि मुले वॉर्डात.